डबा रिकामा आला तेव्हा

आये, आज वर्गात एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "टीचर, हे सगळे वर्ड्स सेमच आहेत ना? मग सहा-सहा कशाला पाठ करायचे?" फळ्यावर मी एकाखाली एक लिहून ठेवलं होतं: मीन, इंडिकेट, डिनोट, सिग्निफाय, सजेस्ट, इम्प्लाय. मराठीत हे सगळे आपण एका 'म्हणजे'वर भागवतो, आणि भागतंही. मी नेहमीचंच उत्तर सुरू केलं. नकाशातली निळी रेघ नदी डिनोट करते, ती ठरवून दिलेली खूण, तिच्यात वाद नाही. ताप आजार इंडिकेट करतो, पण कुठला आजार ते सांगत नाही. आणि इम्प्लाय म्हणजे माणूस तोंडाने काही बोलत नाही, पण त्याला सांगायचं असतं, आणि समोरच्याने ते ओळखायचं असतं. इतकी वर्षं हे सांगत आलेय, झोपेतून उठवलं तरी सांगेन. आज इम्प्लायचं उदाहरण द्यायला तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर तुझा कडीचा डबा आला. मुली पेन उघडून वाट बघत होत्या. मी म्हटलं, उद्या सांगते, आणि वर्ग दहा मिनिटं आधीच सोडून दिला. पोरींना काय, त्या खूश झाल्या.

तू गेल्याला बावीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही, कारण तू असतीस तरी ते तुला वाचता आलं नसतं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, बहुतेक मावशीच्या सुनेकडून, आणि तिला दर ओळीला थांबवलं असतंस: "जरा हलू वाच गो, पोर काय सांगते ते कलू दे." वाचून झाल्यावर पत्राची घडी करून तांदळाच्या पिंपात ठेवली असतीस, कारण तुझ्या मते घरात चोराला आणि उंदराला न सापडणारी ती एकच जागा होती. उंदराचं तरी तुझं चुकलंच होतं.

नावडे कॉलनीत माझा आता स्वतःचा वर्ग आहे. तळमजल्यावरचा एक गाळा, पंचवीस खुर्च्या, एक फळा, एक पंखा. तळोज्याच्या कंपन्यांत जाणाऱ्यांची मुलं येतात, दुपारी काही बायका येतात. बायका मला जास्त आवडतात. त्या शब्द नुसता लिहून घेत नाहीत, तो कुठे वापरायचा ते विचारतात. बँकेत लागेल का, मुलाच्या शाळेत मीटिंगला लागेल का. तूही तसंच विचारायचीस. मी पुस्तकातला शब्द घोकत असायचे आणि तू विळीवर बसून म्हणायचीस, "वापरून दाखव. वापरता नाय आला म्हंजे तो तुजा नाय झाला."

मी सातवीत आहे. दिवाळे गावातल्या आपल्या घरात मागच्या बाजूला तुझी चूल, चुलीच्या वर तारेवर बोंबील, आणि दारातून खाडीवरून येणारा तो वारा, ज्याच्यामुळे वहीची पानं उडतात म्हणून मी पानावर पाट्याचा वरवंटा ठेवते. तू बाजारातून आलीस आणि पाटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड काढून माझ्या पुढ्यात टाकलंस. मला वाटलं कुर्ल्या असतील. जाडजूड डिक्शनरी होती. बेलापूरच्या रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेली, पुठ्ठा निघालेला, आणि मासळीवर घालतात त्या प्लास्टिकात बांधून आणल्यामुळे ओलसर वासाची. "जार हाय. जार हाय म्हंजे शब्द लय असतील," तू म्हणालीस. मी त्याच संध्याकाळी 'मीन' शब्द काढला. तिथे लिहिलं होतं, सिग्निफाय. सिग्निफाय काढला तर इंडिकेट. इंडिकेट काढला तर पुन्हा फिरून मीन. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू विळीवरून हात उचलून पोट धरून हसलीस. "म्हंजे सरकारी हापिसातली खिडकी! या खिडकीवर जा, तो बोलतो त्या खिडकीवर जा. आनि त्या खिडकीवर जेवायची सुट्टी."

मग तू तो प्रश्न विचारलास. "या सगल्यांतला खरा कोन? इस्वास कोनावर ठेवायचा?" मी तेव्हा शहाणी होते, सातवीतली मुलं असतात तशी. म्हटलं, "आये, सगळे सारखेच." तुला ते पटलं नाही. "सारखं काय नसतं गो. दोन बोंबील पन सारखे नसतान." तू पाटीतली एक बोय उचललीस आणि तिचा कल्ला उघडून माझ्यापुढे धरलास. "हा लाल हाय. म्हंजे काय?" मी म्हटलं, ताजी. "आनि कुनी रंग लावला असला तं?" तू माझं बोट धरलंस आणि माशाच्या अंगावर दाबलंस. खड्डा पडला आणि लगेच भरून आला. "हे बग. डोला सांगतो, कल्ला सांगतो, पन दिसलं तेवढ्यावर जाव नको. हात लाव, मंग बोल." माझं बोट दिवसभर वास मारत होतं आणि मी तुझ्यावर चिडले होते.

मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन नावड्याला आले. यांना तळोज्याला शिफ्टची नोकरी, आणि मला कॉलनीतल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत तात्पुरती. दिवाळे ते नावडे म्हणजे काही काशीयात्रा नव्हती, पण तुझं बाजाराचं आणि माझं शाळेचं, दोघींचं जमायचं नाही. म्हणून डबा. तुझ्यासोबत धक्क्यावर मासळी घ्यायला बसणारी मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी टेम्पोतून नावड्याच्या नाक्यावर विकायला यायची. तिच्या पाटीच्या कोपऱ्यात तो स्टीलचा कडीचा डबा, झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं तुझं नाव. मी त्यात शिरा, घारगे, कधी उसळ घालून द्यायचे. तू धुऊन परत पाठवायचीस, पण रिकामा कधीच नाही. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे सगळ्याच घरांत सांगतात आणि निम्म्या घरांत विसरतात. तू विसरली नाहीस. मूठभर जवळा, सुक्या सोड्यांची पुडी, तांदळाच्या दोन भाकऱ्या, परसातली चिंच. खाडीत काही मिळालं नाही, पाऊस लागून राहिला, तरी पाच दाणे तांदळाचे आणि चिमूटभर साखर. मावशी थट्टा करायची, "तुजी आय येक दिवस डब्यात खारं पानी भरून धाडंल, पन रिकामा नाय धाडनार." डबा आला की आई बरी आहे, एवढं माझं पाठ झालं होतं. झाकण उघडायचं आणि तुझी तब्येत कळायची. यात झाकणावर कोरलेल्या नावासारखं ठरलेलं काही नव्हतं, तू कधी बोलून दाखवलं नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही.

आता त्या रविवारचं लिहायला हवं. तो टाळून पुढे जाता येत नाही.

तू आमच्याकडे आलीस. नाक्यावरून रिक्षा केलीस आणि दारात पाय ठेवल्या ठेवल्या रिक्षावाल्याची तक्रार सुरू. त्याने उजवीकडचा दिवा लावला आणि वळला डावीकडे. "काय गो तो, इंडिकेट? तुज्या डिक्शनरीतला. लबाड हाय तो. त्याला आदी काढून टाक." मी इतकी हसले की यांनी आतून विचारलं काय झालं. मग तू पदर खोचून माझ्या ओट्यापाशी गेलीस आणि पिशवीतून सुकट काढलीस. तव्यावर कांदा, मिरची आणि सुकट, बाकी काही नाही. वास जिन्यात गेला. पाच मिनिटांत बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या आणि इंग्लिशमधून बोलत होत्या, सोसायटीत असं चालत नाही, आमच्या घरी पाहुणे आहेत. मी शाळेत कायम व्हायची होते. त्या बाईंची जाऊ आमच्या शाळेच्या ऑफिसात होती. मी हात जोडले, खरंच जोडले, आणि म्हटलं, सॉरी, पुन्हा असं होणार नाही. हे सगळं इंग्लिशमधून, अगदी चांगल्या उच्चारात.

दार लावून वळले तर तू गॅस बंद करून उभी होतीस. "काय बोल्लीस तिला?" मी म्हटलं, काही नाही. "काय नाय म्हंजे काय?" आये, तुझे हे 'म्हंजे' मला तेव्हा फार झोंबायचे. मी चिडले. मी तुला म्हटलं की हे दिवाळे नाही, सोसायटी आहे, इथे लोक वासाची तक्रार करतात, मला रोज जिन्यात त्यांना तोंड दाखवायचं असतं. आणि यापुढे डब्यातून सुकट, जवळा, काही पाठवू नकोस. तू ऐकून घेतलंस. तवा उचलून सगळी सुकट पिशवीत भरलीस, पिशवीला दोन गाठी मारल्यास, आणि म्हणालीस, "बरं." तेवढंच. जेवायला थांब म्हटलं तर भूक नाही म्हणालीस. मी तुला नाक्यापर्यंत सोडायलासुद्धा आले नाही, वरून खिडकीतून बघत राहिले. तू रिक्षा केली नाहीस. चालत गेलीस.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. शुक्रवारी मी भरपूर तूप घालून शिरा केला आणि मावशीबरोबर तुझ्याकडे पाठवला. तोंडाने माफी मागण्यापेक्षा शिरा करणं मला नेहमीच सोपं गेलंय. मंगळवारी मावशीने डबा आणून दिला. हातात घेतला तेव्हाच हलका लागला. उघडला, तर आत काही नाही. घासून पुसून लख्ख, आणि रिकामा. तांदळाचा दाणा नाही. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. "डबा नीट बग गो," ती म्हणाली. मी म्हटलं, बघितला. "परत बग," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. मला वाटलं ती तुझ्या बाजूने मला टोमणा मारतेय.

इतका हुशार माझा मेंदू. त्याने तिथल्या तिथे अर्थ लावून दिला. तू म्हणतेयस, तुला सुकट नको ना, मग घे, काहीच नको. मासळी नाही तर आईची चिंचही नाही, साखरही नाही. मला तुझा राग स्पष्ट वाचता आला असं वाटलं, आणि वाचता आला म्हणून जास्त लागला. मी शिरा केला होता, तूप ओतलं होतं, आणि तू मला रिकामं भांडं दाखवतेस! दोन दिवस तो डबा ओट्यावर पडून होता. शुक्रवारी मी तो पुन्हा घासला, पुसला, झाकण लावलं आणि तसाच मावशीच्या हातात दिला. तिने तो कानापाशी नेऊन हलवून बघितला. "काय नाय?" "काही नाही," मी म्हटलं. तिने डबा पाटीच्या कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "येतीस का गो घरी, येखाद दिवस?" मी म्हटलं, मावशी, परीक्षा चालू आहेत, शाळेत कायम करतायत, कागदपत्रांची सतरा लचांडं आहेत, वेळ कुठाय. तेव्हा शेजारच्यांकडे फोन होता. तुझ्या शेजारीही एक फोन होता, हाक मारली तर तू येऊ शकली असतीस. मी नंबर फिरवला नाही. फोनवर तूच आधी बोलायला हवंस, असं माझं चाललं होतं.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी मी दिवाळ्याला आले. अंगणात जाळं विणत बसलेल्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. घरात शिरले आणि पहिल्यांदा काय जाणवलं सांगू? वास नव्हता. जन्मभर त्या घरात चुलीच्या वर बोंबील सुकायचे आणि उंबऱ्यापासून वास यायचा. त्या दिवशी तारा मोकळ्या, घर सारवलेलं, कोपऱ्यात उदबत्ती. माझ्या मनात आलं, बरं झालं, कपड्यांना लागणार नाही. शपथेवर सांगते, हेच आलं. मग तू खाटेवर दिसलीस. उजवा हात पदराखाली, तोंड एका बाजूला थोडं ओढलेलं. मावशी उशाशी बसलेली. मला बघून ती उठली आणि जवळजवळ ओरडलीच, "बग गं, आली! मी बोल्ली नव्हती, समजंल तिला?" तू माझ्याकडे बघितलंस. डाव्या हाताने माझं मनगट धरलंस. बोलताना तुझे शब्द एकमेकांत अडकत होते, पण मला कळले. "समजलं ना तुला?"

काय समजलं ते मला तेव्हा माहीतच नव्हतं. तुझा चेहरा बघून मी म्हटलं, "हो आये. समजलं." तू डोळे मिटलेस आणि हसलीस, त्या एका बाजूने. मध्येमध्ये तू माझ्या हाताच्या पाठीवर बोट दाबत राहिलीस. मी तोंडाने डॉक्टर, गाडी, हॉस्पिटल असं सगळं एकदम बोलत होते. दुपारी तुला गाडीत घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, पहिला झटका दोन आठवड्यांपूर्वीचा आहे, आज पहाटे दुसरा आला असणार, तेव्हाच का नाही आणलंत. मी म्हटलं, आम्हाला माहीत नव्हतं. सोमवारी तू गेलीस. त्या तीन दिवसांत तू पुन्हा बोलली नाहीस, म्हणजे माझ्याशी तुझं शेवटचं बोलणं ते एवढंच.

बाकीचं मला दहाव्याच्या दिवशी कळलं. घाटावरून आल्यावर मावशी मला मागच्या चुलीपाशी घेऊन गेली आणि बसून रडली, आणि रडता रडता सांगत गेली. भांडून गेलीस त्याच्या पुढच्या शनिवारी, मासळीची पाटी उचलताना तुझा हात गळून पडला होता. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हणाला. तू म्हणालीस, मुंग्या आल्यात, दुसरं काय नाय, पोर आली का जाव. मावशी म्हणाली, मी सांगते पोरीला. तू तिला तिच्या मुलाची शपथ घातलीस. "सांगाचं नाय. बोलावून आली तं काय आली? मी कदी डबा रिकामा धाडलाय? नाय ना? मंग आता रिकामा ने. मास्तरीन हाय ती. उगडंल आनि धावत येल." डाव्या हाताने तू तो डबा स्वतः घासलास म्हणे, अर्धा तास लागला. मावशीने साखर घालते म्हटलं तर तिच्या हातावर चापट मारलीस.

म्हणजे तू बोलावत होतीस, आणि मी रुसवा वाचला. रागात माणूस फळ्यावरचे सहाच्या सहा शब्द विसरतो, निदान मी विसरले. डबा तर माझ्या हातात होता. तू शिकवल्यासारखा हात लावून बघायला हवा होता, म्हणजे एक बस पकडून यायचं होतं, बस्स. पाऊण तासाचं काम. दिसलं तेवढ्यावर गेले. पहिल्या आठवड्यात आले असते तर तू वाचली असतीस की नाही, हे मी दोन डॉक्टरांना नंतर विचारलं. दोघेही काहीतरी मोघम बोलले. मी पुन्हा विचारलं नाही, कारण त्या मोघम बोलण्याचा अर्थ मला कळत होता.

आणखी आहे. मी परत पाठवलेला रिकामा डबा घेऊन मावशी नाक्यावर उभी होती, आणि तिचा पाय उचलेना. आजारी बाईच्या हातात पोरीकडून आलेलं रिकामं भांडं कसं ठेवायचं? तिने समोरच्या किराणावाल्याकडून साखरेची पुडी घेतली आणि डब्यात ओतली. दिवाळ्याला येऊन तुला म्हणाली, पोरीनं दिलीय. तू झाकण उघडून बघितलंस आणि म्हणालीस, "गोड धाडलंय म्हंजे राग गेला. आता येल." त्या दिवसापासून रोज सकाळी मावशीला सांगायचीस, एक बोय बाजूला ठेव, पोर येनार हाय. आणि चौथ्या दिवशी तारेवरचे सगळे बोंबील, सुकटीची पाटी, जवळ्याचा डबा, सगळं मावशीच्या घरी हलवायला लावलंस. "तिला वास चालत नाय आता. घर सारव." मी ज्या घरात शिरून बरं झालं म्हटलं ना, ते तू माझ्यासाठी धुऊन ठेवलेलं घर होतं.

मावशीवर मी चिडू शकले असते. तिने शपथ मोडली असती तर मला कळलं असतं, साखर घातली नसती तर तू निदान दुसऱ्या मार्गाने निरोप धाडला असतास. पण ती बिचारी दोघींमध्ये पाटी घेऊन उभी, आणि तिला जे सुचलं ते तिने केलं. ती मला मांडीवर घेऊन थोपटत म्हणाली, "नको रडू. उशिरा का होईना, समजलं ना तुला? समजून आलीस ना? आय समाधानानं गेली. लय आनंद झाला तिला, पोरीनं ओलखलं म्हनून." सगळ्या गावाला तिने हेच सांगितलं. आजही दिवाळ्याला गेले की म्हाताऱ्या बायका माझा गाल कुरवाळतात आणि आपापल्या सुनांना सांगतात, हिच्या आयनं नुसता रिकामा डबा धाडला आनि ही धावत आली, असं पायजे पोरीचं काळीज. मावशी आता थकलीय, बाजार सुनेने घेतलाय, पण ही गोष्ट ती अजून सांगते. मी मान खाली घालते. बायकांना वाटतं मला रडू येतंय.

डबा माझ्याकडे आहे. त्यात मी रवा ठेवते. शेजारी कुणाला काही द्यायचं झालं तर दुसरं भांडं घेते, हा द्यायला हात होत नाही. सुकट मात्र करते, आता खिडक्या सताड उघड्या टाकून करते. समोरच्या बाई कधीच घर विकून गेल्या, आणि नव्या आल्यात त्या वाटी घेऊन येतात. हे तुला कळलं असतं तर तू खूप हसली असतीस.

उद्या ती मुलगी मला उदाहरण विचारणार. विसरणारी नाही ती, पहिल्या रांगेत बसते. रिकाम्या डब्याचं उदाहरण अगदी चपखल आहे, एकदा ऐकलं की मुली जन्मात विसरणार नाहीत. पण ते सांगायचं म्हणजे गावातल्या बायका सांगतात तसं सांगावं लागेल, नाहीतर खरं सांगावं लागेल. पहिलं मला आता जमत नाही आणि दुसरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, यांनाही नाही. ही पानं मी उद्या फाडून टाकेन, ठेवायला तुझं तांदळाचं पिंप उरलेलं नाही. त्याआधी एकदा तुला सांगते.

शाळेने कायम करायला माझा शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता. तो तुझ्या पत्र्याच्या पेटीत होता. शुक्रवारी ऑफिसातून शेवटची ताकीद मिळाली, म्हणून शनिवारी सकाळी निघाले. बसमध्ये मनाशी ठरवत होते की तू बोललीस तरच बोलायचं, पेटी उघडायची, दाखला घ्यायचा आणि बाराच्या बसने परत यायचं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडून तो घेतला आणि शाळेत नेऊन दिला. कायम झाले.

तू माझं मनगट धरून विचारलंस आणि मी हो म्हटलं. मला समजलं नव्हतं, आये. मी दाखला घ्यायला आले होते.